वणव्याच्या धुराजवळ ड्रोन: अमेरिकेत नेमकी शिक्षा काय?

डोंगरवाट (प्रश्न)

कॅलिफोर्नियात छपरांच्या तपासणीची आणि घरविक्रीच्या फोटोंची कामं करतो. पार्ट १०७ चा, म्हणजे व्यावसायिक ड्रोनचालकांच्या अमेरिकी नियमांखालचा, परवाना आहे, ड्रोन २५० ग्रॅमखालचा. आगीच्या मोसमात घरमालकांचा आग्रह असतो की वणवा पूर्ण विझायच्या आतच वरून फोटो काढून द्या, विम्याच्या दाव्याला जोडायचे आहेत. नकार देतो, पण नकाराची कारणं समोरच्याला नीट सांगता आली पाहिजेत.

शिक्षेचे आकडे चार ठिकाणी चार दिसतात: कुठे वीस हजार डॉलर, कुठे पंचाहत्तर हजार, कुठे एक वर्ष कैद, कुठे दोन. खरं कोणतं? दुसरं, धूर दिसतोय पण ॲपवर तात्पुरती उड्डाणबंदी (टीएफआर) आलेली नाही, अशा वेळी उडवणं कायदेशीर ठरतं का? आणि ड्रोन हवेत असतानाच विमान आलं तर नेमकं काय करायचं?

कलमदान

चारही आकडे खरे आहेत. ते वेगवेगळ्या कायद्यांतले आहेत आणि एकाच उड्डाणावर एकापेक्षा जास्त लागू होऊ शकतात, म्हणून गोंधळ होतो.

फौजदारी बाजू आधी. संघीय कायद्याच्या १८व्या खंडात कलम ४०ए आहे. २०१८ च्या एफएए (अमेरिकेची संघीय विमानवाहतूक संस्था) पुनर्प्राधिकरण कायद्याने ते आलं आणि ते खास वणव्यांसाठीच आहे. जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे ड्रोन उडवून वणवा विझवण्याच्या कामात, किंवा त्याच्याशी जोडलेल्या पोलीस आणि आपत्कालीन कामात अडथळा आणला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कैदेची मर्यादा एका वर्षाच्या वर गेली की गुन्हा फेलनी, म्हणजे गंभीर वर्गातला, ठरतो आणि दंडाची सर्वसाधारण कमाल मर्यादा अडीच लाख डॉलरपर्यंत जाते. त्याच खंडातलं कलम ३९बी माणसं असलेल्या विमानाच्या उड्डाणात अडथळा आणण्याबद्दल आहे. त्यात साध्या प्रकरणाला एक वर्षापर्यंत कैद आहे. बेदरकारपणातून कुणाला गंभीर दुखापत झाली किंवा जीव गेला तर दहा वर्षांपर्यंत, आणि जाणूनबुजून केलेल्या अडथळ्यात तसं झालं किंवा तसा प्रयत्न झाला तर जन्मठेपेपर्यंत. तुमचं 'एक की दोन' हे इथून आलं.

आता दिवाणी बाजू. वीस हजारांचा आकडा २०१६ च्या कायद्यातला, तोही वणवा आणि आपत्कालीन कामातल्या अडथळ्यापुरता. पंचाहत्तर हजार हा २०२४ च्या कायद्यानंतर एफएए ड्रोनचालकाला लावू शकते तो कमाल दंड. लक्षात घ्या, तो *प्रत्येक उल्लंघनामागे* आहे. एकाच उड्डाणात उड्डाणबंदीचा भंग (१०७.४७), ड्रोन नजरेआड जाऊ देणं (१०७.३१), विमानाला वाट न देणं (१०७.३७) आणि धोकादायक रीतीने चालवणं (१०७.२३) अशी चार उल्लंघनं सहज होतात. परवाना निलंबित किंवा रद्द होतो तो वेगळाच. तुमच्यासारख्या व्यावसायिकाला खरा फटका तिथे बसतो.

राज्यांचे कायदे याच्यावर. कॅलिफोर्नियात दंडसंहितेचं कलम ४०२ आपत्तीच्या जागी मदतकार्यात अडथळा आणणाऱ्याला लागू होतं आणि त्यात ड्रोनचा स्पष्ट उल्लेख आहे. मिस्डिमीनर, म्हणजे फेलनीपेक्षा सौम्य गुन्हा, आहे. शिवाय दिवाणी संहितेच्या कलम ४३.१०१ नुसार, तुमचा ड्रोन आपत्कालीन सेवेच्या कामात आड आला आणि कर्मचाऱ्यांनी काम करताना तो मोडला, तर त्याची भरपाई तुम्हाला मागता येत नाही. खासगी माणसाला मात्र ड्रोन पाडायचा अधिकार यातून मिळत नाही.

या विषयावर मला सर्वांत नेटका वाटलेला कायदा युटाचा. २०१६ च्या उन्हाळ्यात सॅडल फायरच्या वेळी ड्रोनमुळे विमानं वारंवार थांबवावी लागली, तेव्हा विशेष अधिवेशनात तो झाला. तिथे शिक्षा परिणामावरून चढत जाते. बंदी असलेल्या भागात नुसतं उडवलं तर बी दर्जाचा मिस्डिमीनर, अडीच हजार डॉलरपर्यंत दंड. त्यामुळे टँकरला पाणी किंवा रसायन भलतीकडे टाकावं लागलं तर ए दर्जा, पाच हजार. ड्रोन विमानाला धडकला तर तिसऱ्या दर्जाची फेलनी, दहा हजार. विमान त्यामुळे जमिनीवर किंवा कशावर आदळलं तर दुसऱ्या दर्जाची फेलनी, पंधरा हजार. कैद वेगळी.

पातं

कलमदान यांनी कायदा मांडलाच आहे. शिक्षा इतकी का वाढवली, ते विझवणाऱ्या विमानांची कामाची उंची पाहिली की कळतं. घरमालकाला समजवायला हेच उपयोगी पडेल.

नागरी हवाई वाहतुकीत ड्रोन ४०० फुटांखाली आणि विमान त्याच्या वर, म्हणून दोघांची गाठ सहसा पडत नाही. वणव्यावर ही विभागणीच उरत नाही. रिटार्डंट, म्हणजे ते लाल आगरोधक रसायन, टाकणारं मोठं टँकर विमान झाडांच्या शेंड्यांपासून सुमारे १५० फुटांवर येतं. डीसी-१० सारखं अतिमोठं विमान २५० फुटांवर. एक इंजिनाचं छोटं टँकर विमान तर ६० फुटांपर्यंत खाली जातं. हेलिकॉप्टरं साधारण ५०० फूट आणि त्याखालीच राबतात, त्यांतली काही दोराला बादली लटकवून. म्हणजे तुम्ही ४०० फुटांचा नियम काटेकोर पाळलात तरी तुम्ही बरोबर त्यांच्याच वाटेत असता.

त्यांच्या वर सुमारे १५०० फुटांवर टँकर घिरट्या घालत पाळीची वाट बघतात, २५०० फुटांच्या आसपास हवाई समन्वयकाचं विमान असतं. आगीपासून १२ नॉटिकल मैलांवर वैमानिकाने पहिला संपर्क करायचा, ७ मैलांच्या आत परवानगीशिवाय यायचंच नाही, अशी शिस्त आहे. हे सगळं रेडिओवर चालतं. ड्रोन त्या रेडिओवर नसतो. त्याचं स्थान विमानाच्या टक्करविरोधी यंत्रणेला दिसत नाही, कारण छोट्या ड्रोनला एडीएस-बी, म्हणजे विमानं आपलं स्थान आपोआप कळवतात त्या यंत्रणेच्या, प्रक्षेपणाची मुभाच नाही. धुरात डोळ्यांनी तो दिसायची शक्यता शून्याच्या जवळ.

त्यामुळे एक ड्रोन दिसला की समन्वयकापुढे एकच मार्ग उरतो: त्या भागातली सगळी कमी उंचीवरची विमानं बाजूला काढणं. मग जमिनीवरून शोध, डिस्पॅचला आणि पोलिसांना कळवणं, ड्रोन गेल्याची खात्री, आणि नंतर पुन्हा रांग लावणं. रिटार्डंटची रेष सलग असावी लागते. मध्ये खिंड राहिली की आग तिथून पलीकडे जाते आणि आधी टाकलेला मालही वाया जातो. भरलेल्या टँकरला तो भार घेऊन नेहमीच उतरता येत नाही, म्हणून काही वेळा रसायन भलत्याच ठिकाणी टाकून परतावं लागतं. डीसी-१० मध्ये ९,४०० गॅलन असतात.

जुलै २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनो काउंटीत कॅहोन खिंडीतली नॉर्थ फायर आंतरराज्य महामार्ग १५ वर चढली आणि गाड्या जळाल्या. तेव्हा पाच ड्रोनमुळे हवाई काम सुमारे वीस मिनिटं थांबलं होतं. ड्रोन नसते तर गाड्या वाचल्या असत्या असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण वाऱ्यावरच्या आगीत पहिली वीस मिनिटं सगळ्यांत मोलाची असतात आणि तीच गेली. काउंटीने त्या मोसमातल्या तीन आगींतले ड्रोनवाले शोधण्यासाठी एकूण ७५,००० डॉलरचं इनाम लावलं होतं.

उनाडवारा

हे सगळं मान्य. पण धागाकर्त्यांचा ड्रोन २५० ग्रॅमखालचा आहे. तेवढ्याशा प्लास्टिकने विमानाला असं काय होणार? आणि टीएफआर नसताना कायदा कसा मोडला म्हणायचं?

पातं

@उनाडवारा, ९ जानेवारी २०२५ रोजी पॅलिसेड्स आगीवर काय झालं ते पाहा. कॅनडाच्या क्यूबेक प्रांताचं सीएल-४१५, ज्याला सुपर स्कूपर म्हणतात, लॉस एंजेलिस काउंटीच्या मदतीला आलं होतं. हे विमान समुद्रावरून किंवा तलावावरून घासत जात साधारण १२ सेकंदांत सहा हजारांहून जास्त लिटर पाणी उचलतं. सँटा मोनिकातल्या एका पार्किंग इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून कुणीतरी आग बघायला ड्रोन सोडला. तो अडीच हजार मीटरहून लांब नेला, मग तो नजरेआड गेला आणि विमानाच्या डाव्या पंखाला धडकला. पंखाला साधारण ३ इंच बाय ६ इंचाचं भोक पडलं. विमान सुखरूप उतरलं, पण शहर जळत असताना काही दिवस जमिनीवर राहिलं.

प्लास्टिक हा मुद्दाच नाही. छोट्या ड्रोनमध्येही मोटारींचा धातू आणि बॅटरीचा घट्ट ठोकळा असतो आणि विमानाचा वेग त्यात मिळतो. पंखाच्या कडेऐवजी वैमानिकासमोरची काच किंवा हेलिकॉप्टरचं शेपटीचं पातं मध्ये आलं तर गोष्ट दुरुस्तीच्या बिलावर थांबणार नाही.

कलमदान

त्याच प्रकरणातला निकालाचा भाग धागाकर्त्यांसाठी महत्त्वाचा आहे. चालकाने ३९बी खालचा एक मिस्डिमीनर गुन्हा कबूल केला, म्हणजे कमाल एक वर्ष कैद. कबुलीच्या करारात वणवापीडितांच्या मदतीसाठी १५० तास समाजसेवा आणि विमानाची पूर्ण भरपाई होती. भरपाईचा तेव्हाचा आकडा किमान ६५,१६९ डॉलर. लोक कैदेच्या वर्षांकडे बघतात आणि भरपाई विसरतात. भरपाईला 'कमाल दंड' नसतो. जेवढं नुकसान तेवढी रक्कम. तुमची ड्रोनची दायित्व विमा पॉलिसी असेल तर बेकायदा उड्डाणाचं वगळणूक कलम काढून वाचा. बहुतेक पॉलिसींत ते असतं.

त्या खटल्यात बचाव पक्षाने ड्रोनच्या जिओफेन्सिंगवर विसंबल्याचं म्हटलं होतं. विसंबणं तेव्हाही पुरेसं नव्हतं आणि आता तर आधारही गेला: ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीने जानेवारी २०२५ मध्येच अमेरिकेत ड्रोनला आपोआप अडवणारी कुंपणं काढून टाकली. आता पडद्यावर इशारा येतो, बोटाने बाजूला सारता येतो आणि ड्रोन उडतो. जबाबदारी पूर्णपणे चालकाची.

टीएफआरबद्दल: ४०ए आणि ३९बी या दोन्हींत टीएफआर हा शब्दच नाही. जाणूनबुजून किंवा बेदरकारपणे अडथळा आणला की गुन्हा. आग लागल्यावर पहिली विमानं येतात, टीएफआर त्यानंतर निघतो. म्हणजे सर्वांत धोक्याच्या पहिल्या तासात ॲप तुम्हाला हिरवं दाखवू शकतं. १०७.३७ तर अमेरिकेतल्या कुठल्याही निर्मनुष्य टेकडीवर लागू आहे: माणूस असलेल्या प्रत्येक विमानाला ड्रोनने वाट द्यायची.

कॅनडाने हे सोपं करून टाकलंय. तिथल्या हवाई नियमांचं कलम ६०१.१५ म्हणतं, वणव्याच्या भागावर आणि त्याच्या ५ नॉटिकल मैलांच्या आत ३,००० फुटांखाली उडायचं नाही. सूचना निघो वा न निघो. मला वाटतं अमेरिकेतही असाच आपोआप लागू होणारा नियम हवा. तोवर तुम्ही तो स्वतःवर लावून घ्या.

२५० ग्रॅमची सूट फक्त छंद म्हणून उडवणाऱ्यांना आणि तीही नोंदणी व रिमोट आयडीपुरती. पार्ट १०७ खाली काम करताना ड्रोन कितीही हलका असो, नोंदणी लागते आणि रिमोट आयडीही लागतो. रिमोट आयडी ड्रोनचं आणि *तुम्ही उभे आहात त्या जागेचं* स्थान प्रसारित करतो, हे ध्यानात असू द्या.

सुटेभाग

प्रत्यक्ष करायच्या गोष्टींवर कुणी फारसं लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

निघण्यापूर्वी एफएएचं टीएफआर पान आणि बी४यूफ्लाय या, कुठे उडवता येतं ते दाखवणाऱ्या, सेवेतलं एखादं ॲप, दोन्ही बघा. जागेवर पोचल्यावर पुन्हा बघा, आणि प्रॉपेलर फिरवायच्या आधी तिसऱ्यांदा. बंदीची हद्द आगीबरोबर बदलते, सकाळचं चित्र दुपारी राहत नाही. लॅन्कची, म्हणजे नियंत्रित हवाई क्षेत्रात उडायची ऑनलाइन, मंजुरी हातात आहे म्हणून टीएफआर रद्द होत नाही, ही चूक फार जण करतात. कॅल फायर या राज्याच्या अग्निशमन विभागाचं घटनांचं पान आणि वॉच ड्यूटी ॲप नवीन ठिणग्या लवकर दाखवतात. विमानांचे नकाशे दाखवणाऱ्या साइटवर एकाच जागी गोल घिरट्या दिसल्या तर तिथे हवाई काम सुरू आहे असं समजा. उलट मात्र समजू नका. दरीत खाली असलेली हेलिकॉप्टरं त्या नकाशांवर बऱ्याचदा दिसतच नाहीत.

सेटिंगमध्ये सर्वांत जास्त घोटाळा करणारी गोष्ट म्हणजे परतीची उंची, आरटीएच. सिग्नल तुटला किंवा बॅटरी खालावली की ड्रोन आधी त्या उंचीवर *चढतो* आणि मग सरळ रेषेत घरी निघतो. कुणी ती ३५०-४०० फुटांवर ठेवलेली असते. म्हणजे धोक्याच्या क्षणी ड्रोन आपणहून टँकरच्या वाटेत जाऊन उभा राहतो. आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा किंवा तारेपेक्षा थोडी वर एवढीच ती ठेवा, आणि प्रत्येक जागी नव्याने ठरवा.

विमानाचा आवाज आला की परतीचं बटण दाबू नका, त्याच कारणासाठी. रिमोटची काठी खाली ओढा, जिथे आहे तिथेच सरळ खाली उतरवा. अंगण, रस्त्याची कड, झुडूप, काहीही चालेल. ड्रोन मोडला तर मोडू द्या. विमान कुठल्या बाजूला आहे ते शोधण्यात वेळ घालवू नका, टेकड्यांत आवाजाची दिशा फसवते. एक टँकर गेला म्हणजे संपलं असंही नाही, त्याच्या मागोमाग दुसरा येतो आणि पुढे बहुतेक वेळा मार्गदर्शक विमान असतं. त्या दिवशी पुन्हा उडवायचं नाही.

लोकांना बंद केलेल्या, रिकाम्या केलेल्या भागात ड्रोन पडला तर आणायला जाऊ नका. कॅलिफोर्नियात ४०९.५ खाली बंद केलेल्या भागात शिरणं हाच वेगळा गुन्हा आहे. तिथल्या पोलिसांना किंवा शेरीफच्या कार्यालयाला जागा कळवा.

आणि वारा! २५० ग्रॅमच्या ड्रोनची वाऱ्याची मर्यादा साधारण १०.७ मीटर प्रति सेकंद असते, म्हणजे ताशी २४ मैलांच्या आसपास. सँटा आना, म्हणजे दक्षिण कॅलिफोर्नियातले कोरडे जोराचे वारे, यांचे झोत याच्या दुपटीहून जास्तही असतात. अशा दिवशी ड्रोन वाऱ्याच्या दिशेने भराभर जातो आणि पूर्ण ताकद लावूनही परत येत नाही. तुम्ही आगीपासून दोन मैल लांबून सोडलात तरी तो आगीत जाऊन पोचू शकतो.

कलमदान

सुटेभाग यांच्या यादीत दोन कागद जोडतो. उड्डाणात ड्रोनखेरीज इतर मालमत्तेचं ५०० डॉलरहून जास्त नुकसान झालं किंवा कुणाला गंभीर इजा झाली, तर १०७.९ नुसार १० दिवसांत एफएएला कळवावं लागतं. आणि नकळत हद्द ओलांडली गेली पण अपघात झाला नाही, तर नासाच्या एएसआरएस या विमानसुरक्षा अहवाल यंत्रणेकडे १० दिवसांच्या आत अहवाल द्या. उल्लंघन सिद्ध झालं तरी दिवाणी दंड किंवा निलंबन सहसा माफ होऊ शकतं. मुद्दाम केलेलं उल्लंघन, अपघात आणि फौजदारी बाब यांना हे संरक्षण नाही.

एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात आणि नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात अटक आणि गुन्ह्यांबद्दल थेट प्रश्न आहेत. दंड भरून विषय मिटला असं तिथे होत नाही. समन्स आलं तर कबुली देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला ते दाखवा.

मांडवीतीर

इथले बरेच वाचक भारतात आहेत म्हणून आपल्याकडचं थोडं. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात वणवे लागले तेव्हा नौदलाने आणि हवाई दलाने हेलिकॉप्टरखाली पाण्याची मोठी बादली लटकवून मोर्ले भागात पाणी टाकलं. एप्रिल २०२४ मध्ये नैनीतालला हवाई दलाच्या एमआय-१७ ने भीमतालचं पाणी उचललं. म्हणजे वणव्यावर हेलिकॉप्टर येणं ही आपल्याकडेही नवी गोष्ट राहिलेली नाही.

वणवा हा शब्द घालून केलेलं अमेरिकेच्या ४०ए सारखं कलम आपल्या ड्रोन नियम २०२१ मध्ये नाही. तिथे हत्यार वेगळं आहे: राज्य सरकार किंवा पोलीस डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन, म्हणजे उड्डाणबंद क्षेत्र, जाहीर करू शकतात. नियमभंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड. सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ लागू शकतं, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अभयारण्यात शिरायला तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी आधीच लागते. ही शिक्षा मला फार तोकडी वाटते. हेलिकॉप्टरमध्ये चार-पाच माणसं असतात.

सह्याद्रीत बहुतेक वणवे अजूनही जाळरेषा, ब्लोअर आणि ओल्या डहाळ्यांवरच विझतात. तिथे वरून दिसणारं चित्र वनरक्षकांना खरोखर उपयोगी पडू शकतं. पण ते वनक्षेत्रपालांना विचारून, त्यांच्या माणसाला शेजारी उभं करूनच. स्वतःहून व्हिडिओ काढायला जाऊन नाही.

डोंगरवाट

सर्वांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. एकच उरलं: टीएफआरच्या आत कायदेशीरपणे उडवायची काही वाट आहे का? वीज कंपन्यांचे ड्रोन आत दिसतात.

कलमदान

आहे, पण तुमच्या कामासाठी ती सहज मिळणारी नाही. अग्निशमन यंत्रणेचे स्वतःचे ड्रोन आणि त्यांनी कंत्राटावर घेतलेले चालक ४०ए मधून वगळलेले आहेत. ते हवाई समन्वयकाच्या रेडिओवर असतात आणि उंची व वेळ ठरवून घेतात. वीज कंपन्या, प्रसारमाध्यमं वगैरेंसाठी एफएएची विशेष सरकारी हित, एसजीआय, नावाची तातडीची मंजुरी असते. ती आपत्तीतल्या कामासाठी असते आणि त्याच्यामागे आग हाताळणाऱ्या यंत्रणेची संमती लागते. आपत्तीनंतरच्या विमा दाव्यांसाठीची नुकसान-पाहणी एफएएच्या यादीत आहे, पण आग चालू असताना एका घराच्या फोटोंसाठी ती संमती मिळेल असं धरू नका.

घरमालकाला सांगा की दावा नोंदवायला हवाई फोटो लागत नाहीत. आधीचे फोटो, खरेदीच्या पावत्या आणि घर रिकामं केल्याचा आदेश एवढ्यावर तो नोंदवता येतो. टीएफआर उठला आणि त्या भागात परत जायची मुभा मिळाली की त्याच दिवशी तुम्ही छप्पर टिपून द्या.

सुटेभाग

आणि त्या दिवशीही हेलिकॉप्टर धुमसती ठिकाणं विझवत फिरत असतं, टीएफआर उठल्यावरसुद्धा. शक्य असेल तर एक माणूस फक्त आकाश बघायला शेजारी उभा करा, आणि ड्रोन छपरापासून ५०-६० फुटांच्या वर नेऊ नका. छपराच्या फोटोंना तेवढी उंची पुरते.